क्लेमेंटिना रिकामी बसली

क्लेमेंटिनाच्या हातातलं काम काढून घेणं म्हणजे मांजराच्या तोंडातला बोंबील काढून घेणं. जमलंच, तर ओरखड्यांसकट जमायचं.

वर्तकनगरच्या मागल्या अंगाला, टॉवरांच्या मध्ये अडकून राहिलेलं एक जुनं गावठाण आहे. मधोमध क्रूस, क्रुसासमोर विहीर आणि विहिरीला पाठ लावून क्लेमेंटिनाचं बैठं कौलारू घर. त्या घरात कुणी पाहुणा जेवून आपली थाळी धुवायला उठला, तर ती त्याला खुशाल धुऊ द्यायची. तो गेला की तीच थाळी पुन्हा धुवायची. नवऱ्याने, म्हणजे गिल्बर्टने, अंगण झाडलं की मागून हिचा खराटा फिरलाच. वागळे इस्टेटीत मशीन चालवून रिटायर झालेला तो माणूस. घरात मात्र त्याला खुर्चीखेरीज दुसरं काही चालवायला मिळत नसे.

"मी या घरान पावना हाय," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "पन जेवन चांगला मिलते, म्हनून निंगत नाय."

पंचाईत अशी, की क्लेमेंटिनाला सगळं खरोखरच दुसऱ्यांपेक्षा चांगलं यायचं. तिच्या फुग्या, म्हणजे लग्नाकार्यात तळतात ते गोल पाव, आतून कापसासारख्या निघायच्या. तिने शिवलेलं पोलकं कुणाला काखेत काचायचं नाही. मासळी साफ करायला बसली की शेजारची मांजरंसुद्धा अदबीने लांब बसायची. आता अशा बाईने "राहू दे, मीच करते" म्हटलं, तर समोरच्याने भांडायचं तरी कशाच्या जोरावर?

सगळ्यात जास्त पोळली होती ती हेमा.

हेमा पलीकडच्या कॉलनीत राहायची. विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेली, बोलायला नीटनेटकी, हाताने जरा मंद. काही वर्षांपूर्वी ती गावठाणातल्या बायकांचा बाटलीत भरतात तो लाल मसाला न्यायला आली, गप्पा मारत बसली, आणि मग मसाला संपायची वाट न बघता येऊ लागली. एका गणपतीत क्लेमेंटिना सहज तिच्या घरी डोकावली. ओट्यावर हेमाचे उकडीचे मोदक मांडलेले होते.

"काय गो हे?" क्लेमेंटिना म्हणाली. "बटाटं सोलून ठेवलीस का?"

"मोदक आहेत, क्लेमीताई!"

"देवानं तुझा काय वाकडा केलाय?"

आणि ती बसलीच. लुगड्याचा पदर खोचला, बोटांना तूप लावलं, आणि चर्चमध्ये वाढलेल्या त्या बाईने अशा पाकळ्या पाडल्या, की हेमाच्या सासरचे लोक अजून त्या मोदकांची आठवण काढतात. हेमाला कौतुक वाटलं. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एक कुसळही रुतून बसलं. मोदक हा आपल्या घरचा. तोही हिलाच आपल्यापेक्षा चांगला येतो. मग या मैत्रीत आपण घेतोच फक्त. द्यायला आपल्यापाशी आहे काय?

यंदाच्या मे महिन्यात मात्र क्लेमेंटिनाच्या मानेवर दोन जोखडं एकदम आली. पहिलं दरवर्षीचं, मसाल्याचं. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, देठ खुडायचे, धणे, तीळ, खसखस, नागकेसर, दगडफूल असं काय काय निवडायचं, अंगणातल्या चुलीवर खापरात एकेक वेगळं भाजायचं, डंकावर नेऊन कुटून आणायचं आणि तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचं. ठासायचं असं, की आत वारा राहता कामा नये. आधी हे काम घरोघर होई. हळूहळू एकेका घरातली म्हातारी गेली आणि प्रत्येक घराने आपल्या मिरच्या क्लेमेंटिनाच्या दारात आणून टाकल्या. तिने कुणालाच नाही म्हटलं नाही.

दुसरं जोखड जोॲनच्या लग्नाचं. जोॲन तिची नात. आईबाप आखातात नोकरीला, म्हणून आजीजवळच वाढलेली. आता घोडबंदर रोडवर एका कंपनीत कामाला. कल्याणच्या सॅव्हियोशी तिचं जमलं होतं. हॉल, केक, बँड सगळं त्या दोघांनी फोनवरच ठरवून टाकलं. आजीकडे तिने एकच मागितलं होतं.

"मायी, मला माझं गाणं पाहिजे. बाकी तू काही नाही केलंस तरी चालेल."

या गावठाणात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीचं पाणी काढतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. पाणी काढताना नवरीचं म्हणून एक नवं गाणं असतं. तिचं लहानपण, तिच्या खोड्या, नवऱ्याची टर, सासूला चिमटा असं सगळं त्यात. कुणाचं गाणं कुणाला चालत नाही. ही गाणी रचायची क्लेमेंटिना. गावातली एकही पोर तिच्या गाण्याशिवाय बोहल्यावर चढली नव्हती.

आणि आता स्वतःच्या नातीचं गाणं काही केल्या येत नव्हतं.

धणे निवडताना ती सुरुवात करायची, तेवढ्यात तिळातला खडा दिसायचा. फुग्यांच्या पिठाचा विचार करता करता चाल सुटून जायची. एकदा न्हाणीत तिला छान ओळ सापडली. ती मोठ्याने म्हणत बाहेर आली, तर खुर्चीतून गिल्बर्ट म्हणाला, "ह्या तं लूर्डीनच्या लग्नातला गाना."

"गप बस."

"लूर्डीनची पोरगी कालेजान गेली. एवरा जुना हाय."

तिने ती ओळ तिथेच सोडून दिली. कारण ते खरंच शेजारच्या लूर्डीनचं गाणं होतं.

तिला थोरली जाऊ आठवली, फिलोमिना. क्लेमेंटिना वसईकडून लग्न होऊन या घरात आली, तेव्हा घरात दोन जावा होत्या. मिरच्या भाजायची ती फिलोमिना. कुटायची दुसरी. ही नवी सून काहीतरी करायला पुढे झाली, की फिलोमिना तिला पाटावर बसवायची. "तू बस न् गा. मिरची मी भाजते. तुझ्यासारखा गाना मना कुठं येते?" वास्तविक भाजण्यातही क्लेमेंटिनाचं नाक जावेपेक्षा तिखट होतं, हे दोघींना ठाऊक होतं. तरी फिलोमिनाने तिला खापराजवळ येऊ दिलं नाही. मग दोघी जावा पुढेमागे गेल्या, आणि भाजणं, कुटणं, भरणं सगळं हिच्याकडे आलं. पाटावर बसायचं तेवढं राहून गेलं.

तर अशा वेळी एका सकाळी हेमा आली, आणि तिने न विचारताच मिरच्यांनी भरलेलं सूप पुढे ओढलं.

"रव दे गो. तुझी बोटं भगभगतील."

"भगभगू देत."

दुपारपर्यंत हेमा देठ खुडत होती. क्लेमेंटिना तिकडे न बघता बघत होती. हेमा घरी गेली, आणि अर्ध्या वाटेवरून परत आली, कारण चष्मा विसरला होता. येते तर काय, क्लेमेंटिना तिने खुडलेल्या मिरच्या मांडीवर घेऊन पुन्हा खुडत बसलेली.

हेमा दारातच उभी राहिली. "क्लेमीताई."

"तू खुडलंस ते बरं हायत गो," क्लेमेंटिना घाईने म्हणाली. "जराशी शेंडी राहिली व्हती."

"किती मिरच्यांना?"

क्लेमेंटिनाला खोटं बोलता यायचं नाही. सगळ्या कामांत एवढं एकच काम तिला जमत नसे. "समद्यांना," ती म्हणाली.

हेमा हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. ती खाली बसली. "मग एकदा खरं सांगून टाका. तुमच्यापेक्षा मला बरं येतं असं एक तरी काम आहे का हो?"

क्लेमेंटिना प्रामाणिकपणे विचार करू लागली. विचार लांबत गेला. तो लांबला, हेच उत्तर होतं.

"पत्ते?" शेवटी ती म्हणाली.

"पत्त्यांत तुम्ही दर रविवारी मला हरवता!"

खुर्चीतून गिल्बर्टचा आवाज आला. "तिला इचार, जोॲनचा गाना झाला का."

"गिल्बट!"

"इचार, इचार."

हेमाने चष्मा लावला आणि मैत्रिणीकडे नीट बघितलं. "गाणं झालं नाही?"

क्लेमेंटिना मिरचीचा देठ चिमटीत फिरवत राहिली. "एक वल नाय सुचली," ती एवढ्या हळू म्हणाली, की गिल्बर्टलाही ऐकू गेलं नाही. "पोरीनं एकच मागलाय. न् मना तो येत नाय."

मग हेमाने तिच्या मांडीवरचं सूप उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

"हे बघा. मी दिवसभर देठ खुडले, तर माझं काय बुडतं? दुपारची मालिका. तीही मला धड कळत नाही, कोण कुणाची बायको ते. आणि तुम्ही खुडलेत तर काय बुडतं? जोॲनचं गाणं. मग तुमचा देठ किती महागात पडला, आणि माझा किती स्वस्तात?"

"पन तुझा हात हलू हाय गो."

"असू दे ना हळू! हळू हाताने का होईना, देठ निघतो. माझ्या हाताने गाणं निघेल का, दहा वर्षं बसले तरी?"

क्लेमेंटिनाने हातातला देठ खाली ठेवला. हे फिलोमिनाचंच बोलणं होतं. फक्त कॉलनीतल्या भाषेत आलं होतं.

"पण तुम्ही इथे असलात तर मला करू देणार नाही," हेमाने पुढचं सांगितलं. "तेव्हा उद्यापासून मी इथे आणि तुम्ही डोंबिवलीला. देवयानीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. दुपारी तिच्याजवळ मी मालिका बघत बसते. माझ्याऐवजी तुम्ही बसा."

देवयानी ही हेमाची मुलगी. दिवस भरत आलेले, आणि सलिल, तिचा नवरा, दिवसभर ऑफिसात.

"मी जेवन करीन तिला," क्लेमेंटिनाचे डोळे चमकले.

"तिथे स्वयंपाकाला शिवानी येते. ती ओट्याजवळ कुणालाही उभं करत नाही. तुमच्याहून खमकी आहे."

दुसऱ्या दिवशी गिल्बर्टने स्कूटर काढली आणि माणकोलीच्या पुलावरून बायकोला डोंबिवलीत नेऊन सोडलं. जाताना ती सबंध वाट सूचना देत होती. आच मंद ठेव. तीळ शेवटी. मिरची काली नको होऊ देस. खाडीवरच्या वाऱ्यात त्यातलं निम्मं उडून गेलं.

पहिला दिवस क्लेमेंटिनाने कसा काढला ते तिचं तिला माहीत. शिवानीने भांडी घासली, आणि कढईच्या कानाखाली काळं राहिलेलं क्लेमेंटिनाला पलंगाशेजारून दिसत होतं. उठून गेली तर शिवानी म्हणाली, "आजी, पाणी पाहिजे का? बसा, मी देते." पडद्याची शिवण उसवली होती. सुई मागितली तर देवयानी म्हणाली, "मावशी, आई म्हणाली, तुम्हाला सुई द्यायची नाही." मग तिने हात मांडीवर ठेवले. ते तिथे असे पडून राहिले, की जणू कुणाचे तरी सांभाळायला दिलेत.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी देवयानी छताकडे बघत म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते. मला काहीच येत नाही. बाळ रडायला लागलं आणि गप्पच झालं नाही, तर?"

"तवा तू पन रडायचा."

देवयानी हसली. "तुम्ही नाही रडला असाल. तुम्हाला सगळं येतं. जोॲनला तुम्ही कसं वाढवलंत?"

क्लेमेंटिना सांगायला गेली, आणि थांबली. कारण डोळ्यांसमोर आला तो लाल फ्रॉक. आईबाप विमानाला गेले त्या दिवशीचा. एवढीशी जोॲन उंबऱ्यावर बसली, आणि घरात यायला काही केल्या तयार होईना. आत आलं म्हणजे आई गेली हे खरं ठरेल, असं काहीतरी त्या डोक्यात असणार. त्या दिवशी घरात कुणाच्या तरी बारशाच्या फुग्या तळायच्या होत्या, चूल पेटलेली होती, तेल तापलेलं होतं. क्लेमेंटिनाने कढई उतरवली, आणि नातीशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली. सबंध दिवस. ना बोलली, ना काही केलं. अंधार पडायच्या आधी ते पोरगं आपण होऊन म्हणालं, मायी, भूक लागली.

"फुग्यांचं काय झालं मग?" देवयानीने विचारलं.

"पीठ आंबून गेला. आख्ख्या गावानं शिव्या घातल्या मना." क्लेमेंटिना खिडकीकडे बघत होती. तिचं बोट मांडीवर ठेका धरू लागलं होतं. "देवयानी, जरा गप ऱ्हा हां."

आणि मग त्या डोंबिवलीच्या खोलीत, ओट्यावर शिवानीच्या पोळ्या होत असताना, अगदी हळू ऐकू आलं:

*लाल फराक घालून पोर उंबऱ्यावं बसली गो,*
*आयबाप गेली इमानात, देवावं रुसली गो…*

संध्याकाळी ती घरी परतली ती गुणगुणत. निम्मं गाणं झालं होतं. पण आळीच्या तोंडाशीच तिची चाल बंद पडली, आणि नाक वर झालं.

अंगणात चुलीपुढे हेमा उभी होती. कपाळावर राख, डोळे लाल, साडीला मिरचीची पूड. गिल्बर्ट खुर्चीत नव्हता, ही त्या घरातली मोठीच घटना. तो खापराला फडक्याने वारा घालत होता. मोठ्या परातीत भाजलेल्या मिरच्या पसरलेल्या होत्या. लाल नव्हत्या. जळक्याही नव्हत्या. त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, तपकिरीच्या पलीकडे गेल्या होत्या.

"फोन आला," हेमा म्हणाली. शाळेतल्या मुलीसारखी. "एकच मिनिट आत गेले."

"मी व्हतो इथं," गिल्बर्ट म्हणाला. "पन मना कुठं ठावं, लाल म्हंजे कवरा लाल. कदी हात लावू दिलास?"

क्लेमेंटिनाने एक मिरची उचलली, मोडली, जिभेवर ठेवली. कडवट. फेकायच्या लायकीची नव्हती. पण तिच्या हातची नव्हती. हा मसाला वर्षभर सगळ्या गावठाणाच्या कालवणात जाणार होता. प्रत्येक घरात पहिला घास घेऊन माणूस म्हणणार होतं, क्लेमेंटिनाचं नाक म्हातारं झालं.

पुन्हा करता आलं असतं. बाजारात मिरची होती. लग्नाला दिवस थोडे उरले होते, पण तिच्या हातांना तेवढे पुरले असते. पहाटे बसायचं, नव्याने खुडायचं, नव्याने भाजायचं. ते झालं असतं. आणि गाण्याचा उरलेला निम्मा भाग तिथेच, देवयानीच्या पलंगाशेजारी राहिला असता.

हेमाने तिच्या चेहऱ्यावरचं सगळं वाचलं. "टाकून द्या," ती म्हणाली. "मी मिरची आणून देते. मी कशाला हात घालायला गेले…"

क्लेमेंटिनाने परातीवर हात फिरवला. मेलेल्याच्या कपाळावरून फिरवावा, तसा. मग पदराला हात पुसले.

"डंकावं ने, गिल्बट," ती म्हणाली. "कुटून आन. न् हेमा, बाटल्या भरताना काठीनं ठास हां. आतान वारा ऱ्हाता कामा नये."

"कडू आहे ना?"

"हाय."

"खूप?"

"हाय न् गो! आता बोलू नको. माजी वल जाईल." आणि ती क्रुसाच्या पायरीवर जाऊन बसली. मोकळ्या हातांनी. येणारेजाणारे थांबून बघत होते. कुणी तरी गिल्बर्टला विचारलंसुद्धा, "बाय आजारी हाय का?"

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचा ढोल, वाजत होता. आखातातून जोॲनचे आईबाप आणि कल्याणहून सॅव्हियो आणि त्याची माणसं आली होती. जोॲनने आजीचं जुनं लुगडं नेसलेलं, पण डोळे आजीच्या तोंडाकडे. हेमा मागे, बायकांच्या आडोशाला. सलिलने विहिरीपाशी फोन धरला होता, त्यावरून देवयानी डोंबिवलीहून ऐकत होती.

क्लेमेंटिनाने लाल फ्रॉकपासून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला जोॲनने तोंड लपवलं. मग शाळा आली, परीक्षेच्या दिवशी दुखणारं पोट आलं, आणि बायका हसायला लागल्या. मग सॅव्हियोची पाळी.

*कल्यानच्या पोरा, आयक जरा माजी बात रं,*
*चाय हिला येत नाय, तूच घाल हात रं!*

"येते हां मला!" जोॲन ओरडली.

"नाय येत!" सगळ्या आळीने उत्तर दिलं.

आणि हंडा वर आला तेव्हा, शेवटचं कडवं म्हणायच्या आधी, क्लेमेंटिना वळली आणि गर्दीत हेमाला शोधून काढून थेट तिच्याकडे बघत गायली:

*हेमाबायनं धूर केला, साऱ्या गावान गेला गो,*
*मिरची तिनं काली केली, गाना मना दिला गो!*

बायकांनी ते कडवं उचललं आणि पुन्हा पुन्हा घोळवलं. हेमाला हसावं की पळावं ते कळेना. आपलं नाव कुठल्या गाण्यात येईल असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं. शेजारच्या लूर्डीनने तिला कोपराने ढोसलं. "आता तुझी सुटका नाय. देवयानीच्या बालाच्या बारशालाबी हीच गानार, तिनं कबूल केलाय."

जोॲन मात्र हसत नव्हती. ती ओल्या पायांनी येऊन आजीला घट्ट बिलगली, आणि तिच्या मानेत तोंड खुपसून उंबऱ्यावरच्या त्या दिवसाएवढीच लहान झाली.

पाठवणीच्या वेळी क्लेमेंटिनाने रिवाजाप्रमाणे नातीच्या हातात मसाल्याची बाटली दिली. मग नव्या सासूकडे एक नजर टाकली. बाई सुगरण दिसत होती. पहिल्याच कालवणात ओळखणार. उभ्या जन्मात तिच्या हातून अशी बाटली परक्या घरी गेली नव्हती. तिने बाटली परत घ्यायला हात पुढे केला, आणि तिथेच थांबवला.

"सासूला सांग," ती जोॲनच्या कानात म्हणाली, "मसाला मायीनं नाय केला. मायी तवा गाना करीत व्हती."